मामंजी लाउंजमध्ये

दाराची कडी वाजली आणि ह्यांचं तोंड मिटलं.

भर दुपार होती. मामंजी मळ्यात गेलेले. आत्याबाई सोप्यात तोंडावर पदर घेऊन आडव्या झालेल्या, आमची लेक चिमी त्यांच्या कुशीत. घर इतकं चिडीचूप की चुलीतला निखारा राखेत खचला तरी कळावं. हे दबकत स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "ऐक, तुला एक सांगायचं हाय..." दीड वर्षानं घरी आलेला माणूस. येऊन चार दिवस झालेले, आणि माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं वाक्य. तेही पुरं झालं नाही. कडी वाजली.

"हायस का सयाजी? झोपला न्हाईस न्हवं?"

नाथाजी अण्णांचा आवाज. मागून आप्पासोंचं खोकणं. भावकीतले हे दोघे रोज येत होते, आणि येताना रोज कुणीतरी नवा धरून आणत होते. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि गेले बाहेर. मी चहाचं आधण ठेवलं. दुसरं काय करणार?

हे पुण्याच्या एका कंपनीत आहेत, साखर कारखान्यांची यंत्रं उभी करून देणाऱ्या. कंपनीनं त्यांना दीड वर्षापूर्वी गयानाला धाडलं. लंडनच्याही पलीकडं, दर्या ओलांडून. तिथंही ऊसच. कडेगावच्या माणसानं एवढं जग उलटं घालून जायचं ते पुन्हा उसातच, हे आत्याबाईंना अजून पटलेलं नाही. पण तिकडं जायचं तिकीट विलायतेतल्या बड्या कंपनीचं असतं, आणि यंदापासून त्यांनी विमानातला एक नवाच वर्ग द्यायला सुरुवात केली. बिझनेस क्लास. ह्यांच्या सगळ्या हालअपेष्टा, ताप, एकटेपणा, तिथला पाऊस, ह्यातलं कुणी काही विचारलं नाही. सगळ्या गावाला हवा होता तो बिझनेस क्लास.

"म्हंजे फस क्लास का?" नाथाजी अण्णांनी हे आदल्या दिवशीही विचारलं होतं.

"न्हाई अण्णा. फस क्लास म्होरं, नाकापाशी. त्याच्या मागं आमी. आमच्या मागं बाकीचं लोक."

"मधला म्हण की."

"तसं म्हना."

"खुर्ची झोपती म्हनं?"

"पाठ मागं जाती. पायाखालनं एक फळी वर येती."

"म्हंजे खाटच की रं."

"खाट न्हवं. अर्धी."

आप्पासो म्हणाले, "पाठ मागं जाणारी खुर्ची आपल्या कराडच्या यष्टीतबी हाय. फकस्त ती परत म्होरं येत न्हाई."

सगळे हसले. ह्यांनी मग विमानात मिळालेली डोळ्यांवरची काळी पट्टी काढली. उजेडात झोप लागावी म्हणून देतात. ती हातोहात फिरली. नाथाजी अण्णांनी बांधून बघितली. आप्पासो म्हणाले, "तेल्याच्या बैलाला बांधत्यात तसलं झापड. आता गरागरा फिर म्हनावं." चहा गेला, कपबशा परत आल्या, तोवर आणखी दोघं येऊन टेकले. पुन्हा आधण.

मग लाउंजची पाळी. ते तर रोजचं कीर्तन. विमान लागायच्या आधी ह्या वर्गाच्या लोकांनी बसायची वेगळी खोली असते, तिला लाउंज म्हणतात. खाली गालिचा, मऊ कोच, काचेतून विमानं दिसतात, आणि मागाल ते आणून देतात.

"मागंल ते?" आप्पासोंनी आवाज खाली आणला.

नेमके तेव्हाच मामंजी मळ्यातून आले होते. हे म्हणाले, "कॉफी. सरबत. असलं."

"सरबत," आप्पासो म्हणाले. "बरं बरं. सरबत." आणि सगळ्यांनी आढ्याकडं बघितलं.

मामंजी म्हणजे सुभेदार हंबीरराव. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली तरी पाठीचा कणा अजून परेडवर आहे. त्यांनी पायावर पाणी घेतलं, टॉवेलानं पुसलं, खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "इंटर क्लास. इंग्रजाच्या रेल्वेत व्हता. फस्टात सायब, थर्डात आमी जवान, आन इंटरात कारकून."

ह्यांचा चेहरा उतरला. पेटल्या चुलीत पाणी पडावं तसं सगळं कौतुक एका वाक्यात विझलं. मला आतून हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. वडलांपुढं उलटून एक शब्द नाही. "व्हय आबा," एवढंच.

आमच्याकडं रीतच तशी. वडलांच्या देखत लेकानं बायकोशी बोलायचं नाही, आणि आपलं पोर तर उचलायचंच नाही. आजोबानं नात खांद्यावर घ्यावी, चुलत्यानं घ्यावी, वाटेकऱ्यानं घ्यावी. बापानं लांबून बघावं. बापानं घेतली तर पोराला म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढं मिरवल्यासारखं होतं म्हणे, लाज सोडल्यासारखं. आत्याबाई सांगतात, ह्यांनाही मामंजींनी कधी उचललं नव्हतं. तेव्हा मामंजींचे वडील हयात होते. चिमी तीन महिन्यांनी चार वर्षांची होईल. ती माझ्या पदराआडून ह्यांच्याकडं टक लावून बघते आणि हे तिच्याकडं. दोघांच्या मध्ये सोपा, आणि सोप्यात मामंजी.

बरं, दिवसा नाही तर जेवताना तरी माणूस घरात असावा? तेही नाही. दूरदेशाहून आलेल्या माणसाला भावकीतल्या एकेका घरी जेवायला बोलवायचं, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर पिढ्यान्पिढ्यांचा रुसवा. घरं किती आहेत ते देवाला ठाऊक. हे रोज कुठून तरी पोट धरून यायचे. मी त्यांच्या आवडीची शेवग्याची आमटी केली, ती मी आणि आत्याबाईंनी खाल्ली.

जे सांगायचं होतं ते शेवटी मला गोठ्यात कळलं. संध्याकाळी मी धार काढत होते. हे म्हशीच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभे राहिले, वैरण सारखी केल्यासारखं करत.

"कंपनी म्हनती, आता कुटुंब घिऊन या. ऱ्हायला घर देत्यात. पोरांची शाळा हाय. तिकिटं बी देणार, तुमा दोघींना. माझ्यासारखीच."

माझे हात थांबले. म्हशीनं पाय झाडला.

"कधी कळलं हे?"

"निघायच्या आदी."

"आणि आज सांगताय?"

"येळ कुटं गावला?"

"खुर्चीखालची फळी कशी वर येते ते सगळ्या गावाला सांगायला गावला."

म्हशीच्या पाठीवरून त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. ते खाली गेलं.

"मामंजींना विचारलं?"

"इचारतो की. जरा मोका बघून."

"कधीपर्यंत?"

"जाताना लंडनच्या हाफिसात सांगाय लागंल, येणार का न्हाई ते. न्हाईतर ते घर दुसऱ्या इंजिनेराला जाईल. मग पुन्ना दोन वर्सं न्हाई."

दोन वर्षं. चिमी सहा वर्षांची होईल. मी हिशोब बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मग विचारा. विमानात खिडकीची जागा साहेबाशी भांडून घेतली म्हणता ना? तसं."

"साहेबाचं सोपं असतं गं," हे म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी मी ह्यांच्या तोंडाकडं बघायची आणि हे जमिनीकडं. एकदा मामंजी दाढीला बसलेले असताना हे गरम पाण्याचा तांब्या घेऊन गेले. मी दाराआड कान देऊन उभी. बराच वेळ बोलणं चाललं. परत आले तेव्हा कळलं, यंदाच्या उसाला उतारा किती पडेल ह्यावर दोघांचं एकमत झालं. एकदा मळ्यात गेले दोघे. येताना मोटर दुरुस्त करून आले. एकदा तर म्हणे "आबा, एक इचारायचं व्हतं," इथपर्यंत मजल गेली, आणि मामंजींनी "बोल" म्हटल्यावर ह्यांनी विचारलं, "तुमच्या गुडघ्याचं कसं हाय?"

मला रडू यावं की त्यांना गदागदा हलवावं, कळेना.

जायचा दिवस आला. पोचवायला कोण कोण जाणार ह्यावर दोन रात्री खल झाला, कारण पोचवायला न जाणं म्हणजे पुन्हा रुसवाच. नाथाजी अण्णांची जीप, चालवायला त्यांचा ड्रायव्हर सिद्धू. मामंजी, आत्याबाई, अण्णा, आप्पासो. आत्याबाईंना गाडी लागते, म्हणून त्या म्हणाल्या, "सूनबाई असू द्या माझ्याजवळ, पोरीसकट." मामंजी हूं म्हणाले. असा माझा नंबर लागला.

संध्याकाळी निघालो. साताऱ्याला चहाला थांबलो. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, पण ते बोलायचं नाही. मामंजी हॉटेलच्या बाकावर बसलेले. जीपच्या मागच्या बाजूला मी आत्याबाईंना लिंबू देत होते, तिथं हे दोन ग्लास घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "लाउंजमधी एक पाव्हणा नेता येतो."

खरंच सांगते, क्षणभर मी गालिचा बघितला, कोच बघितला, त्यांच्या शेजारी मी, मध्ये चिमी. कुणी बघणारं नाही. तासभर.

"आबांना नेतो," हे म्हणाले. "तितं दोगंच असू. भावकी न्हाई, अण्णा न्हाई. तितं इचारतो."

"नक्की?"

"तुझी शपथ."

बरोबर होतं त्यांचं. एका तासासाठी दोन वर्षं घालवायची का? मी चहा प्यायले. "त्यांनाच न्या," म्हटलं.

सकाळी सांताक्रूझच्या विमानतळावर पोचलो. सगळ्यांची अंगं मोडून आलेली. मामंजी मात्र फेटा नव्यानं बांधून, कोटावर बिल्ले लावून ताठ. लाउंजच्या काचेच्या दाराशी साडीतली एक मुलगी टेबलामागं बसली होती. तिनं ह्यांचं तिकीट बघितलं आणि हसून माझ्याकडं बघत म्हणाली, "मिसेस ना? या ना. बेबी चालेल, लहान आहे."

हे म्हणाले, "वडील येणार हैत."

तिनं फेटा बघितला, बिल्ले बघितले, पुन्हा मला बघितलं. "बरं," म्हणाली. "मग बेबीला तरी न्या."

चिमीनं मामंजींचं बोट धरलं. तिघं आत गेले आणि दार आपोआप मिटलं. काच धुरकट होती, पलीकडचं काही दिसेना.

बाहेर बाकावर आमची भावकी. तिथंही निवांतपणा नाही.

"आत काय करत असतील?" नाथाजी अण्णा.

"खात असतील," आप्पासो.

"म्हाताऱ्याला चावतंय का पर?"

"सरबत तर चावायला लागत न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "चूप बसा की जरा. तिथं इमानं वरडत्यात, हितं तुमी."

मी ऐकत नव्हते. मी आतच होते. आता कॉफी आली असेल. आता ह्यांनी घसा खाकरला असेल. आता म्हणाले असतील, आबा, कंपनी म्हणती. मामंजी नाही म्हणाले असतील का? "नाही" म्हणू देत, पण शब्द तर ह्यांच्या तोंडातून बाहेर पडू दे, मग पुढचं बघता येईल. मामंजी काही दगड नाहीत. चिमीला ताप आला तेव्हा रात्रभर पाण्याच्या घड्या त्यांनीच ठेवल्या होत्या.

बऱ्याच वेळानं ती मुलगी बाहेर आली. "बेबीची आई कोण? जरा आत येता? फ्लाइट लागली आहे."

अशी मी लाउंजमध्ये गेले. गालिचा होता. कोच होते, ह्यांनी सांगितले त्याहून मोठे. टाय लावलेले दोघेतिघे पेपर वाचत बसलेले. आणि मधल्या कोचात मामंजी. फेटा मांडीवर, तोंड उघडं, पाय लांब पसरलेले. घोरत होते. गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असे.

हे खिडकीशी होते. चिमी त्यांच्या कडेवर होती. तिचा एक हात त्यांच्या कॉलरमध्ये रुतलेला, दुसऱ्यानं ती काचेवर काहीतरी रेघा काढत होती, आणि हे तिच्या कानाशी लागून सांगत होते, ते चाक, तो पंखा, हितं सामान ठेवत्यात, हितं मी बसणार. तिनं विचारलं, "बाबा, मग तुमी पडत न्हाई?" ते म्हणाले, "न्हाई. पट्टा बांदत्यात." तिनं त्यांच्या गालाला गाल लावला. ह्यांनी डोळे मिटले.

मी गालिच्यावर तशीच उभी राहिले. चार वर्षांत असं कधी बघायला मिळालं नव्हतं. आणि त्याच वेळी मला सगळं कळलं होतं.

हे वळले. मला बघून म्हणाले, "टेकले आन झोपले. रातभर बसून होते गं जीपमधी. उठवू कसं?"

"आणि तुम्ही तासभर?"

"ही आली मांडीवर. आपली आपणच आली." ह्यांनी चिमीला कडेवर सारखं केलं. "मग मी... त्येंना उठवलं असतं, तर हिला..."

मला काय म्हणायचं होतं? शपथ घेतली होती, असं? चिमीचा हात अजून त्यांच्या कॉलरमध्ये रुतलेला होता. राग गेला असं नाही. राग होताच, आहेच.

मामंजींचं घोरणं तुटलं. ते हलले. आणि ह्यांनी चटका बसल्यासारखं चिमीला कडेवरून उतरवून खाली ठेवलं, दोन पावलं मागं सरले.

"लागलं का इमान?" मामंजींनी फेटा उचलत विचारलं.

"व्हय आबा."

"मग नीघ. पोचलास की तार कर."

हे वाकून त्यांच्या पाया पडले. आत्याबाई बाहेर होत्या, त्यांच्या पडले. मग पुढच्या दारातून गेले. वळून बघितलं ते चिमीकडं की माझ्याकडं, सांगता यायचं नाही. मामंजींना विचारलं काहीच नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये लाउंज आणि लाउंज. आता सांगणारा नवा होता, एवढंच.

"कसं व्हतं आबा?" अण्णा विचारत होते.

"खुर्ची लय बेस. बसलो कवा आन झोपलो कवा, पत्ता लागला न्हाई."

"खाल्लं काय पर?"

"काजू व्हतं."

"आन आमाला?"

"झोपल्याला मानूस काजू कसं आणंल आप्पासो?"

"एवडं लांब नेलं," आप्पासो म्हणाले, "आन घरच्यासारखं घोरून आला. इंटर क्लास तो इंटर क्लास."

मामंजी स्वतः हसले. मी बाहेर बघत बसले. चिमी माझ्या मांडीवर. ती हसली नाही. विमानतळापासून ती एक शब्द बोलली नव्हती. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. हे आज रात्री लंडनला उतरणार, उद्या हाफिसात जाणार. साताऱ्याच्या तार ऑफिसातून आज तार गेली तर उद्या पोचेल. हाफिसाचा पत्ता मला पाठ होता. फक्त मामंजींना कुणीतरी विचारायचं होतं. ज्यांनी विचारायचं ते आकाशात होते, डोळ्यांना काळी पट्टी लावून अर्ध्या खाटेवर.

खंबाटकीच्या घाटात जीप तापली. सिद्धूनं ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि डबा घेऊन पाण्याला गेला. अण्णा आणि आप्पासो उतरून दगडावर बसले. मामंजी पुढच्या सीटवर तसेच. दिवसभराच्या घरघरीनंतर एकाएकी इतकं शांत झालं की खालच्या वळणावरच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. घाट उतरला की सातारा. पुन्हा अशी शांतता मिळायची नाही, हे मला कळत होतं.

लग्नाला सात वर्षं होत आली. मामंजींनी विचारलं तर उत्तर द्यायचं, ह्यापलीकडं मी त्यांच्याशी भावकीसमोर कधी बोलले नव्हते. पदर डोक्यावर सारखा केला.

"मामंजी," मी म्हटलं.

आत्याबाईंनी चटकन माझ्याकडं बघितलं. दगडावरच्या दोघांचं बोलणं थांबलं. मामंजींनी मान वळवली. रागानं नाही, नवल वाटल्यासारखी.

"काय गं?"

"ह्यांना... ह्यांच्या कंपनीनं..."

चिमी माझ्या मांडीवर उभी राहिली. माझी हनुवटी तिनं दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं वळवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, आबा उठल्यावर बाबांनी मला खाली का ठिवलं?"